गोल अडवणाऱ्याचे गोल : राहुल भेके

मुंबई एफसी हा क्लब आज नाही. एफसी पुणे सिटीही नाही. पहिला २००७ मध्ये उभा राहिला आणि दहा वर्षांत आटोपला. दुसरा २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची इंडियन सुपर लीगमधली जागा हैदराबादला गेली. राहुल भेके या दोन्ही क्लबांकडून खेळला. क्लब उठले, तो मैदानातच राहिला. भारताच्या वरिष्ठ संघाकडून पहिला सामना त्याला मिळाला तो अठ्ठाविसाव्या वर्षी, आणि देशासाठी पहिला गोल झाला तेव्हा चौतिसावे वर्ष पूर्ण व्हायला अठरा दिवस उरले होते. फुटबॉलमध्ये या वयात आघाडीपटूच्या निवृत्तीची चर्चा सुरू झालेली असते. बचावपटूचे तसे नसते, याचा आपल्या मातीतला इतका चांगला दाखला दुसरा सापडणे कठीण.

भेकेचा जन्म ६ डिसेंबर १९९० चा, मुंबईतला. तो वाढला त्या काळात मुंबई फुटबॉलचा जुना डोलारा ढासळत होता. कूपरेज मैदान, १८९१ पासूनचा रोव्हर्स चषक, बँका, रेल्वे आणि विमान कंपन्यांचे संघ, खेळाच्या जोरावर मिळणारी नोकरी, अशी ती व्यवस्था होती. पोराने बॉल चांगला मारला तर एखाद्या कचेरीत चिकटेल, एवढा हिशोब घरच्यांनाही कळायचा. महाराष्ट्राने संतोष चषक शेवटचा जिंकला १९९९-२००० मध्ये. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकणाऱ्या महिंद्रा युनायटेडने २०१० मध्ये संघच गुंडाळला. भेके तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. शहरातला सर्वांत यशस्वी संघ ऐन उमेदीच्या वयात डोळ्यांदेखत बंद होणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. व्यावसायिक फुटबॉल खेळू पाहणाऱ्या मुंबईकर पोरासमोर उरला तो मुख्यतः मुंबई एफसी. पैसा बेताचा, पण हटवादी बचावासाठी ओळखला जाणारा संघ. प्रशिक्षक होते खालिद जमील, स्वतः महिंद्रा युनायटेडचे जुने खेळाडू. पहिल्या श्रेणीतून खाली न घसरणे हेच ज्या संघाचे दरवर्षीचे उद्दिष्ट, तिथे बचावपटूला उसंत मिळत नाही. शिकायला अशी जागा वाईट नाही.

नागपूरकराला फुटबॉल म्हटले की वेगळे चित्र दिसते. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी पावसात फुटकी बादली लाथाडणारी पोरे पाहिली आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा भरवली. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. २०१६ मध्ये तिला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’ या चित्रपटामुळे ती घराघरांत पोचली. त्याच्याही आधीपासून कामठीत रब्बानी, शहरात यंग मुस्लिम आणि राहुल क्लब असे संघ आणि त्यांचे हाडाचे प्रेक्षक आहेत. पण इथल्या पोराला क्रिकेटची शिडी समोर दिसते. विदर्भाचा स्वतःचा रणजी संघ आहे आणि त्याने करंडक तीनदा आणला आहे. फुटबॉलमध्ये विदर्भाचा असा वेगळा संघ नाही. इथला खेळाडू संतोष चषकाला जायचा तर महाराष्ट्र संघातून, आणि त्या संघटनेचा कारभार मुंबईहून चालतो. भेकेची वाटचाल विदर्भातल्या पोरांनी नीट पाहावी असे मला वाटते ते यासाठी. तो मुंबईचा असूनही मुंबईत राहून मोठा झाला नाही. २०१४ मध्ये त्याने कोलकाता गाठले आणि ईस्ट बंगालचा लाल-पिवळा शर्ट अंगावर चढवला.

कोलकात्यात बचावपटूची परीक्षा एकाच सामन्यात होते. मोहन बागानविरुद्ध चूक केली तर ट्रामचा कंडक्टरही तोंड फिरवतो, असे तिकडे गमतीने म्हटले तर कुणी अतिशयोक्ती मानणार नाही. २०१५ च्या कोलकाता लीगमध्ये ईस्ट बंगालने बागानला ४-० असे लोळवले. त्या चार गोलांतला एक भेकेचा होता.

त्या वर्षांत भारतात दोन लीग वेगवेगळ्या महिन्यांत खेळल्या जात. आय-लीगच्या क्लबांचे खेळाडू वर्षाअखेरीच्या काही आठवड्यांसाठी सुपर लीगच्या संघांकडे उसने जात. भेके २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडे गेला, २०१६ मध्ये पुणे सिटीकडे. दरवर्षी नवे प्रशिक्षक, नवा जोडीदार, नवी भाषा. आघाडीपटू अशा बदलात कसाबसा निभावून नेतो. बचावाचे गणित मात्र शेजाऱ्याच्या भरवशावर चालते. चौघांची रेषा एकाच क्षणी पुढे सरकली तर समोरचा ऑफसाइड. एकजण अर्धे पाऊल मागे राहिला तर तोच समोरच्याला गोलची वाट मोकळी करून देतो. जोडीदार कधी झेपावतो आणि कधी थांबतो, हे अंगवळणी पडायला महिने लागतात. उसनवारीच्या लीगमध्ये तेवढे महिने नसायचेच. म्हणून २०१७ मध्ये तो बेंगळुरू एफसीत गेला आणि चार हंगाम तिथे टिकला, ही त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत महत्त्वाची घटना मी मानतो. गोल नंतर आले.

आणि गोल आले ते बहुतेक डोक्याने. २० एप्रिल २०१८ ला भुवनेश्वरमध्ये पहिल्या सुपर कपची अंतिम लढत होती, समोर त्याचाच जुना संघ ईस्ट बंगाल. क्रोमाच्या अप्रतिम गोलने ईस्ट बंगाल पुढे गेला. एकोणचाळिसाव्या मिनिटाला भेकेने बरोबरी साधली आणि बेंगळुरूने सामना ४-१ असा काढला.

याहून मोठा प्रसंग पुढच्या वर्षीचा. बेंगळुरूने १७ मार्च २०१८ ला सुपर लीगची अंतिम लढत घरच्या मैदानावर चेन्नईयिनकडून २-३ अशी गमावली होती. बरोबर एका वर्षाने, १७ मार्च २०१९ ला, तोच संघ पुन्हा अंतिम फेरीत होता. यावेळी प्रतिस्पर्धी एफसी गोवा आणि मैदान अंधेरीचे मुंबई फुटबॉल अरेना, म्हणजे भेकेचे स्वतःचे शहर. नव्वद मिनिटांत गोल नाही. जादा वेळेत गोव्याचा मधल्या फळीतला कणा, अहमद जाहू, दुसरे पिवळे कार्ड मिळून बाहेर गेला. तरीही कोंडी फुटेना. ११७व्या मिनिटाला बेंगळुरूला कॉर्नर मिळाला. दिमास देल्गादोने चेंडू आत टाकला, भेके सगळ्यांच्या वर उठला आणि डोक्याने त्याला जाळ्याची दिशा दिली. १-० आणि बेंगळुरूचे पहिले सुपर लीग विजेतेपद.

कॉर्नरच्या वेळी बचावपटू पुढे का धावतात, हा प्रश्न सामना अधूनमधून पाहणाऱ्याला पडतो. उत्तर सोपे आहे. दिवसभर उंच चेंडूखाली उभे राहून तो डोक्याने परतवणे हे त्यांचेच काम. चेंडूचा बाक कसा असेल, कोण कुठे धावेल, कोणत्या क्षणी उडी घ्यायची, याचा अंदाज त्यांच्या अंगात मुरलेला असतो. फरक फक्त दिशेचा. आपल्या गोलसमोर चेंडू लांब आणि उंच जावा लागतो, समोरच्या गोलसमोर तो खाली, जमिनीकडे दाबावा लागतो. धोकाही तेवढाच असतो. कॉर्नर फसला आणि प्रतिस्पर्धी उलट सुटला, तर पन्नास-साठ मीटर मागे पळायचे असते, आणि तेही ११७व्या मिनिटाला, पायात गोळे आलेले असताना. कॉर्नरखेरीज भेकेचा लांब थ्रोही बेंगळुरूच्या कामी यायचा.

त्या गोलनंतर अडीच महिन्यांनी, ५ जून २०१९ ला, थायलंडमधल्या किंग्ज कप स्पर्धेत कुरासावविरुद्ध त्याने भारताकडून पदार्पण केले. भारत ३-१ असा हरला. नवे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी त्याला उजव्या बगलेला, राइट बॅकच्या जागी उभे केले. १० सप्टेंबरला दोहामध्ये विश्वचषक पात्रता सामना होता तो कतारविरुद्ध, म्हणजे त्याच वर्षीच्या आशियाई विजेत्यांविरुद्ध. भारताची बचावफळी मराठी-कोकणी वाचकाने लक्षात ठेवावी अशी होती. उजवीकडे मुंबईचा भेके, डावीकडे गोव्याचा मंदार राव देसाई, मध्ये गोव्याचाच आदिल खान आणि चंदीगढचा संदेश झिंगन. कतारने हल्ल्यांचा भडिमार केला, गुरप्रीत सिंग संधूने गोलजाळे एकट्याने सांभाळले असे वाटावे इतके फटके अडवले, आणि सामना ०-० सुटला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत गुरप्रीतचे फोटो होते, ते रास्तच होते. पण बगलेवरून येणारे क्रॉस अर्ध्यावर तोडणाऱ्यांचा हिशोब कुठल्याच मथळ्यात मावत नाही.

बचावपटूचे नाव मथळ्यात येते ते दोन प्रकारे. एक प्रकार गोल करण्याचा, तो वर सांगितला. दुसऱ्याचा अनुभव भेकेला ३ जून २०२१ ला आला. पुन्हा दोहा, पुन्हा कतार, पुन्हा विश्वचषक पात्रता. सतराव्या मिनिटाला चेंडू हाताला लागला म्हणून पंचांनी त्याला दुसरे पिवळे कार्ड दाखवले. सव्वा तासाच्या आसपास भारत दहा जणांनिशी खेळला आणि ०-१ हरला. बचावपटूची एक चूक अशी असते, तिची भरपाई त्या सामन्यात त्याला स्वतः करता येत नाही. उरलेला खेळ त्याने मैदानाबाहेरून काढायचा.

त्याच वर्षी तो मुंबई सिटीत आला. जन्मगावच्या मैदानावर परत यायला सात वर्षे लागली. २०२२ मध्ये हा संघ आशियाई चॅम्पियन्स लीग खेळायला रियाधला गेला. पहिल्याच सामन्यात अल शबाबने ३-० असा धडा शिकवला. ११ एप्रिलला समोर इराकचा एअर फोर्स क्लब. मुंबई आधी पिछाडीवर पडली. सत्तराव्या मिनिटाला दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी केली. पाच मिनिटांनी जाहूच्या कॉर्नरवर भेकेचा हेडर जाळ्यात गेला. हो, तोच जाहू, जो २०१९ च्या अंतिम लढतीत लाल कार्ड घेऊन बाहेर गेला होता; आता दोघे एकाच संघात होते. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबाने मिळवलेला हा पहिला विजय, आणि निर्णायक गोल एका बचावपटूचा. सहा सामन्यांत सात गुण घेऊन मुंबईने गटात दुसरे स्थान मिळवले. एवढे होऊनही त्या आठवड्यात आपल्याकडच्या क्रीडापानांवर आयपीएलच चालू होते, याची तक्रार करण्यात आता अर्थ नाही.

२०२२-२३ ची लीग शील्ड मुंबई सिटीने जिंकली. पुढच्या हंगामात कर्णधाराचा पट्टा भेकेच्या दंडावर आला. एव्हाना तो बगलेवरून पुन्हा मध्यभागी, सेंटर बॅकच्या जागी स्थिरावला होता. राइट बॅकचा धावण्याचा बोजा वयाबरोबर जड होतो. मध्ये उभ्या राहणाऱ्याला धावेपेक्षा वाचन जास्त लागते. ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेकवर, मोहन बागानच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, मुंबईने अंतिम सामना ३-१ असा जिंकला आणि करंडक उचलला तो भेकेने.

त्या उन्हाळ्यात तो बेंगळुरूला परतला. भारतीय संघातही तो झिंगनचा जोडीदार म्हणून मध्यभागी खेळू लागला होता. जानेवारी २०२४ मध्ये कतारच्या आशियाई चषकात भारत तिन्ही सामने हरला, तेव्हाही बचावात हीच जोडी होती. त्या वर्षी भारताला एकही विजय मिळाला नाही. १८ नोव्हेंबरला हैदराबादमध्ये मलेशियाविरुद्ध गुरप्रीतच्या चुकीमुळे भारत मागे पडला आणि बरोबरी कुणी साधली, तर भेकेने. ब्रँडन फर्नांडिसचा कॉर्नर, भेकेचे डोके, मिनिट पुन्हा एकोणचाळिसावे. हाच त्याचा पहिला आंतरराष्ट्रीय गोल. पुढचा फार लांब नव्हता. १९ मार्च २०२५ ला शिलाँगमध्ये मालदीववर ३-० असा विजय मिळाला, त्यातला पहिला गोल त्याने केला. त्या रात्री सगळ्यांचे लक्ष निवृत्तीतून परतलेल्या सुनील छेत्रीकडे होते.

२०२५ चा एप्रिल बेंगळुरूला कडू गेला. सुपर लीगच्या अंतिम लढतीत मोहन बागानने जादा वेळेत २-१ अशी मात केली. ऑगस्टमध्ये भारताच्या प्रशिक्षकपदी खालिद जमील आले आणि महिन्याभरात ताजिकिस्तानमधल्या काफा नेशन्स कपसाठी संघ निघाला. ८ सप्टेंबरला तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानशी गाठ पडली. भारत मागे होता, ऐंशीव्या मिनिटाला उदांता सिंगने बरोबरी साधली, निकाल पेनल्टी शूटआउटवर गेला. भारताच्या तिघांनी पेनल्टी यशस्वी केल्या. लल्लियानझुआला छांगटे, जितिन एम. एस. आणि भेके. सामना ३-२ असा भारताचा झाला. पेनल्टी मारायला बचावपटूला शेवटचा पर्याय म्हणून पाठवण्याची रीत आहे. जमील यांनी आपल्या जुन्या बचावपटूसाठी ती पाळली नाही.