दहाव्या रकान्यातले तीन सेकंद

ज्यांनी बी.एड. केलंय त्यांना फ्लँडर्सचा तक्ता आठवत असेल. नेड फ्लँडर्स या अमेरिकी अभ्यासकाने वर्गातलं बोलणं मोजायची विलक्षण रीत काढली. निरीक्षक मागच्या बाकावर बसतो आणि दर 3 सेकंदांनी एक आकडा लिहितो. शिक्षकांनी प्रश्न विचारला की 4, समजावून सांगत असले की 5, मुलाने उत्तर दिलं की 8, मूल आपणहून बोललं की 9. पस्तीस मिनिटांच्या तासाचे असे 700 आकडे! बोललेलं हवेत विरतं, पण त्याचा माग कागदावर राहतो. दहापैकी सात आकडे शिक्षकांच्या बोलण्याचे, मुलांच्या वाट्याला दोनच. आणि दहावा? शांतता किंवा गोंधळ. दोन्हींना मिळून एकच रकाना.

खरा खजिना निघाला तो या दहाव्या रकान्यात.

विज्ञानशिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती घड्याळ लावून ऐकल्या आणि 1974 साली निष्कर्ष मांडले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी 1 सेकंद थांबत होते. एक सेकंद! समजा प्रश्न आहे, ‘पाणी उकळताना बुडबुडे कशाचे येतात?’ तिसऱ्या बाकावरच्या मुलीच्या डोळ्यांपुढे घरचं चहाचं आधण येतं. ती तोंड उघडणार, तोच पुढून आवाज येतो, ‘हवेचे!’ आणि तास पुढे सरकतो.

रो यांनी शिक्षकांना 3 सेकंद थांबायला शिकवलं. उत्तरं कितीतरी पटींनी लांबली. गप्प राहणारी मुलं बोलू लागली, उलट प्रश्नही विचारू लागली. मला सर्वांत हलवून गेली ती निराळीच गोष्ट. हुशार समजल्या जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षक सुमारे 2 सेकंद थांबत, मागे पडणाऱ्यांसाठी एका सेकंदाहूनही कमी. मग सहभागाचे गुण देताना आपण काय मोजतो? मुलाचं बोलणं, की त्याला मिळालेली उसंत?

बोलणं मोजायची आणखी एक रीत आहे. अमेरिकेतल्याच फिलिप्स एक्सेटर अकादमी या शाळेत, 1930 साली एडवर्ड हार्कनेस यांनी दिलेल्या देणगीतून, डझनभर मुलं लंबगोल टेबलाभोवती बसून चर्चेतून शिकू लागली. या पद्धतीच्या वर्गात शिक्षक बोलण्याचा नकाशा काढतात. कागदावर लंबगोल, कडेने नावं, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याने उचललं की दोघांमध्ये रेघ. तास संपेपर्यंत कोळ्याचं जाळं तयार! कुणापाशी रेघांचा नुसता गुंता असतो. कुणी एकदाच बोललेलं असतं, पण पुढे कितीतरी रेघा त्याच नावाकडे वळलेल्या असतात. किती वेळा हात वर झाला एवढंच मोजणाऱ्याला हे मूल दिसतच नाही.

आपल्या शाळांत 2010पासून आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या नोंदी होतात. ‘वर्गचर्चेत उत्साहाने सहभाग घेते’ हे वाक्य मी पानोपानी वाचलंय. त्या वाक्यातून मूल दिसत नाही. त्याने नेमकं काय विचारलं हे लिहिलं, तर दिसेल.

बुडबुड्यांच्या त्याच वर्गात ‘हवेचे’ या उत्तरानंतर बाई 3 सेकंद थांबल्या असं धरू. तिसऱ्या बाकावरून हळूच आवाज येतो, ‘बाई, मग पाणी आटेपर्यंत एवढी हवा येते कुठून?’

फ्लँडर्सच्या तक्त्यात आधी 10, मग 9.