सातबाऱ्यावरचं जंगल

वीकएंडला कोकणात जायचं, मासे खायचे, बीचवर फोटो काढायचे आणि परत. गावच्या डोंगरावर आपलंही नाव आहे हे आठवतं कधी? सही करायची वेळ आली की!

माझी ती वेळ २०२१ मध्ये आली. दिवाळी नुकतीच झाली होती. मी पुण्यात, लॅपटॉपसमोर, मीटिंग म्यूट करून बसलेलो. फोनवर काका, रत्नागिरी जिल्ह्यातल्या, संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावाहून.

"अरे, डोंगराची झाडं द्यायचीत. ठेकेदार आलाय. तुझी सही लागेल."

तोवर तो डोंगर मी फक्त सातबाऱ्यावर पाहिला होता. नऊ नावं, शेवटून दुसरं माझं. बाबांच्या पश्चात चढलेलं. माझ्या वाट्याला येणारी रक्कम ऐकून हसूच आलं. त्यात दोन महिन्यांचा ईएमआयसुद्धा सुटला नसता! पण काकांना त्या पैशांतून घराचं छप्पर नवं करायचं होतं. आता हसायचं कसं?

सही करण्याआधी एकदा बघून तरी यावं, म्हणून गेलो. ऐन, किंजळ, मधेच एखादा बेहडा. दंडाएवढी झालेली झाडं. काका म्हणाले, दर दहा-बारा वर्षांनी तोड होते. बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात, ते वाढले की पुन्हा ठेकेदार. झाड म्हातारं कधी होतच नाही.

आपल्याला वाटतं, जंगल म्हणजे सरकारचं. रत्नागिरीत तसं नाही. इथे सरकारी जंगल अगदी थोडं; घाटातून उतरताना जे हिरवंगार दिसतं, ते बहुतेक कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतं. म्हणजे ते राहणार की जाणार, हे पुण्या-मुंबईत बसलेल्या माझ्यासारख्यांच्या सह्यांवर ठरतं.

परत येऊन शोधाशोध केली, तेव्हा डॉ. अर्चना गोडबोले यांच्या कामाची माहिती मिळाली. पुण्याची त्यांची संस्था, अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन, आमच्याच तालुक्यात कितीतरी वर्षं देवरायांवर आणि खासगी जंगलांवर काम करते. जंगल तोडू नये म्हणून ती मालकांशी ठरावीक वर्षांचे करार करते आणि त्या बदल्यात मोबदला देते. इथल्या बेहड्याची फळं जंगल न दुखावता गोळा करून विकायचीही सोय तिने केली. बेहडा का महत्त्वाचा? तर त्याच्या जुन्या खोडातल्या ढोलीत महाधनेश घरटं करतो. मादी स्वतःला आत लिंपून घेते आणि नर बाहेरून भरवतो. आमच्याकडे असे जुने वृक्ष उरलेत ते फक्त देवराईत. कारण तिथे सही देवाची!

मग सुचलं, असाच करार घरातल्या घरात केला तर?

चुलत भावंडांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. तीन आठवडे नुसती भांडणं. "तुला हौस आहे, तू भर पैसे." "विकूनच टाकू ना सगळं." शेवटी सहा जण तयार झाले. दरमहा थोडे थोडे पैसे टाकून काकांचं छप्पर झालं आणि कागदावर लिहिलं गेलं : दहा वर्षं तोड नाही.

मी पाचशे रोपांची ऑर्डर द्यायला निघालो होतो. काकांनी थांबवलं. "झाडं कसली लावतोस? तोड थांबव, आग थांबव. उगवायचं त्यांचं त्यांना कळतं."

तेच केलं. जानेवारीत डोंगराच्या कडेने गवत कापून पट्टा साफ करतो. ही जाळरेषा, वणवा आत येऊ नये म्हणून. धुमाऱ्यांतले एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे छाटतो. पावसाळा संपला की पऱ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घालतो. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकर लागतात, हे विसरू नका.

वरचा सडा मात्र मला ओसाड वाटायचा. नुसता काळा कातळ! १९९०च्या फळबाग योजनेनंतर कोकणात आंबा-काजूच्या बागा झपाट्याने वाढल्या, कित्येक सड्यांवर सुरुंग लावून खड्डे पाडले गेले. आपणही पाडू, असं माझ्या डोक्यात होतं. सप्टेंबरात वर गेलो तर सगळा सडा गेंद आणि सीतेच्या आसवांनी भरलेला. ही निळी-जांभळी 'आसवं' म्हणजे चक्क किडे खाणारी वनस्पती! आणि सच्छिद्र जांभ्यात मुरलेलं पाणीच खाली झऱ्याला येतं. सड्याला हात लावायचा विचार तिथेच सोडला.

सगळं छान झालंय असं नाही. दोन भावंडांनी अजून सही केलेली नाही. एका वर्षी वणवा पट्टा ओलांडून आत आलाच. महाधनेश आमच्याकडे आलेला नाही. त्याला ढोली लागते, आमची झाडं आत्ता कुठे मांडीएवढी झालीत. पण बंधाऱ्याच्या वेळी आता आम्ही पंधरा-सोळा जण गावात असतो. एरवी ही मंडळी लग्नातच भेटायची. पोरं चिखलात, काकू भाकऱ्यांवर, आणि काका सगळ्यांवर ओरडत.

करार २०३१ मध्ये संपतो. ठेकेदाराचा फोन अधूनमधून येतो, आता थेट मला. "साहेब, झाडं चांगली झालीत हां तुमची."

ते मात्र खरं बोलतात.

तुमच्या गावचा सातबारा शेवटचा कधी उघडून पाहिलात? तुमचं नाव कितवं आहे?