जिवाचे मोल आणि ज्यूरीचा हिशेब

अपघातात कर्ता माणूस गेला की आम्हां कामगार-कार्यकर्त्यांना त्याच्या घरी पहिला प्रश्न ऐकू येतो : 'उद्या चूल कशी पेटायची?' इंग्लंडच्या कायद्यात १८४६ पर्यंत याला उत्तर नव्हते. दुसऱ्याच्या चुकीने माणूस जखमी झाला तर त्याला भरपाई; मेला तर घरच्यांना काही नाही! त्या वर्षीच्या कायद्याने बायकामुलांसाठी दाव्याचा हक्क दिला आणि रक्कम ठरविण्याचे काम ज्यूरीवर सोपविले.

ज्यूरीचा हिशेब असा : मृताची मिळकत किती, त्याचा स्वतःचा खर्च वजा जाता घरी किती येई, आणि ती आणखी किती वर्षे आली असती? दुःखाचे पैसे धरू नयेत, असे १८५२ साली ब्लेक खटल्यात कोर्टाने बजावले. अमेरिकेत आजही ज्यूरी बसते. तेथील बऱ्याच राज्यांत मात्र हरपलेल्या सहवासाचेही मोल धरतात. १८५५ मध्ये याच धर्तीचा कायदा आपल्याकडे आला; येथे आकडा न्यायाधीश ठरवतात.

म्हणजे मोल होते ते जिवाचे नव्हे, तुटलेल्या आधाराचे. आणि आधार पुराव्याने शाबीत करावा लागतो. म्हणून आम्ही सांगत असतो, पगाराची चिठ्ठी जपून ठेवा. धन्याच्या पाठीमागे घरच्यांच्या बाजूने तीच बोलते.