जुन्या बास गिटारच्या विद्युत परिपथातील दोषनिदान व दुरुस्ती : एक विवेचन

प्रस्तावना :
लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियात ‘प्रिसिजन बास’ ही विद्युत गिटार बाजारात आणली. १९५७ मध्ये तिला दोन भागांत विभागलेला पिकअप बसविण्यात आला आणि पुढे अनेक उत्पादकांनी ही रचना अनुसरली. अशा घडणीच्या जुन्या गिटार विकत घेतल्यावर आवाज न येणे, खरखर किंवा सतत गुणगुण हे दोष आढळतात. पिकअपच निकामी झाला असे गृहीत धरून सर्व भाग बदलण्याकडे सर्वसाधारण कल असतो. वस्तुतः दोष बहुधा जॅक, पॉट अथवा डाखाच्या जोडात असतो. भाग बदलण्यापूर्वी मोजमाप का आवश्यक आहे, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट केले आहे.

परिपथाचे स्वरूप :
पिकअपमध्ये चुंबकांभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते व कुंडलात विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडे यांनी १८३१ मध्ये मांडलेले प्रवर्तनाचे तत्त्व ते हेच. हा संकेत २५० किलोओहमच्या पॉटमधून जॅककडे जातो. दुसरा पॉट व कपॅसिटर उच्च वारंवारतेचे स्वर कमी करतात. या निष्क्रिय परिपथास बॅटरी लागत नाही.

दोषनिदान :
प्रथम दुसरी केबल वापरून पाहावी. त्यानंतर केबल गिटारला जोडून, अॅम्प्लिफायरकडील टोक मोकळे ठेवावे, आवाजाचा पॉट पूर्ण उघडावा आणि प्लगचे टोक व बाहेरील नळी यांमधील रोध मल्टिमीटरने मोजावा. या एका मोजमापातून चार शक्यता वेगळ्या होतात.
१) सुमारे १० किलोओहम : पिकअपचे कुंडल अखंड आहे.
२) सुमारे २५० किलोओहम : केवळ पॉटचा रोध दिसतो. कुंडल अथवा त्याची वायर तुटलेली आहे.
३) अनंत रोध : जॅक किंवा त्याकडे जाणारी वायर सुटलेली आहे.
४) जवळजवळ शून्य : संकेताची वायर भूसंपर्कास चिकटलेली आहे.
तारांना स्पर्श करूनही गुणगुण जराही कमी होत नसल्यास ब्रिजखालील भूसंपर्काची वायर तपासावी. या वायरीमुळे तारा व पर्यायाने वादकाचा हात अॅम्प्लिफायरच्या भूसंपर्काशी जोडला जातो. म्हणून अॅम्प्लिफायरचे अर्थिंग सदोष असल्यास वादकाच्या जिवास धोका संभवतो. ते आधी तपासून घेणे अनिवार्य आहे.

दुरुस्ती :
पॉट फिरविताना खरखर होत असल्यास त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून तो वारंवार फिरवावा. जॅकची पट्टी सैल असल्यास किंचित आत वाकवावी. नट आवळताना जॅक धरून ठेवावा, अन्यथा आतील वायरी पिळून तुटतात. निस्तेज, खरबरीत दिसणारा डाख रेझिनयुक्त सोल्डरने पुन्हा वितळवावा. आम्लयुक्त फ्लक्स टाळावा, कारण त्याने तांबे गंजते. यासाठी लागणारे सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठेत मिळू शकतात.

मूळ भागांचे महत्त्व :
अनेक जुन्या अमेरिकी पॉटवर उत्पादकाचा व निर्मितीकाळाचा संकेतांक छापलेला असतो. उदाहरणार्थ, १३७६६१४ या अंकातील १३७ हा सीटीएस या उत्पादकाचा क्रमांक असून ६६१४ म्हणजे १९६६ मधील १४ वा आठवडा होय. पॉट मूळचाच असेल, तर गिटार त्यापूर्वीची नाही एवढे त्यावरून निश्चित होते. घाईने बदललेल्या भागाबरोबर वाद्याच्या वयाचा हा पुरावा नष्ट होतो. बदल अपरिहार्य असल्यास काढलेला भाग वाद्यासोबत जपून ठेवावा.

निष्कर्ष :
जुन्या बास गिटारची दुरुस्ती हा प्रामुख्याने निदानाचा प्रश्न आहे. बाहेरून आत आणि स्वस्त भागाकडून महाग भागाकडे या क्रमाने तपासणी केल्यास खर्च, वाद्याचा मूळ स्वर व त्याचा इतिहास या तिन्ही गोष्टी राखता येतात.