दुकानासाठी सॉफ्टवेअर: इन्स्टॉल करायचं की ब्राउझरमध्ये उघडायचं?

घरात कॉम्प्युटरमधलं कळणारे तुम्हीच असाल, तर दुकानासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यायचं हा प्रश्न तुमच्याकडेच येणार. टॅली प्राइमसारखं कॉम्प्युटरवर इन्स्टॉल होणारं, की झोहो बुक्ससारखं ब्राउझरमध्ये चालणारं? मोबाइलवर वाढलेल्या आपल्याला दुसरं लगेच पटतं. पण आधी बिलं कोण करतं, त्याच्या शेजारी अर्धा तास बसा.

टॅलीवर हात बसलेला माणूस माउसला शिवतही नाही. व्हाउचर स्क्रीनवर एफ८ म्हणजे विक्री, एफ९ खरेदी, एफ५ पेमेंट. हेच एफ५ ब्राउझरमध्ये दाबलं की एरवी पेज रिफ्रेश होतं आणि अर्धवट बिल उडू शकतं. वेबसाइट बनवणाऱ्याला एफ५ अडवता येतं, पण टॅब बंद करणारं कंट्रोल-डब्ल्यू क्रोम स्वतःच्याच हातात ठेवतो. प्रिंटचंही तसंच: डेस्कटॉप सॉफ्टवेअर थेट प्रिंटरला बिल पाठवू शकतं, ब्राउझर सहसा आधी प्रिंटची विंडो उघडतो. दिवसाला पाच बिलं असतील तर काही वाटत नाही. तीनशे असतील तर रांग लागते.

म्हणून गर्दीचं एकच काउंटर असेल तर मी डेस्कटॉपच सांगेन. दोन दुकानं, बाहेर फिरणारा सेल्समन, सीए दुसऱ्या गावात, असं असेल तर मात्र वेब.

आता डेटा. डेस्कटॉपवर तो सहसा तुमच्याच हार्ड डिस्कवर असतो, त्यामुळे नेट गेलं तरी बिलिंग चालू. पण डिस्कच गेली तर कोणाकडे किती उधारी आहे, हेही गेलं. आणि त्याच कॉम्प्युटरला कायम लावलेला पेनड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. व्हायरस दोन्हीकडे पोचतो, चोरही दोन्ही नेतो. वेबमध्ये सर्व्हर कंपनी सांभाळते, पण वर्गणी थांबली की आपल्या नोंदी कशा मिळणार? ट्रायल चालू असतानाच सगळी खाती एक्सेलमध्ये काढून बघा. निघत नसतील तर पुढे जाऊच नका.

आणि डेस्कटॉपवर आयकॉन दिसला म्हणून फसू नका. स्लॅक किंवा व्हीएस कोडच्या डेस्कटॉप अ‍ॅपच्या आतही क्रोमियम ब्राउझरच चालतो. त्यातलं व्हीएस कोड नेटशिवाय काम करतं, स्लॅकवर मेसेज जात नाही. तेव्हा पैसे भरण्याआधी वायफाय बंद करा, एक बिल बनवा, प्रिंट काढा.