मे महिन्यात कोलकाता? होय, आणि तेही पंधरा हजारांत!

एप्रिल उजाडला की ऑफिसच्या पँट्रीत एकच विषय. "यंदा कुठे?" उत्तरंही ठरलेली. मनाली, महाबळेश्वर, अगदीच जोरात असलात तर मुन्नार. मग कुणीतरी तिथल्या हॉटेलांचे मे महिन्यातले रेट काढतं आणि सगळ्यांचा चहा घशात अडकतो. माझ्या एका मैत्रिणीचा घराचा ईएमआय सुरू आहे. सलग तीन उन्हाळे तिची ट्रिप याच टप्प्यावर कॅन्सल झाली. पैसे वाचले म्हणाल, तर छे! ते कॅब, मॉल आणि ऑनलाइन सेलमध्ये गेलेच. सुट्ट्या तेवढ्या लॅप्स झाल्या.

तिला मी कोलकाता सुचवलं, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी भर दुपारी डांबरी रस्त्यावर अनवाणी चालायला सांगतेय. "मे महिन्यात? वेड लागलंय का तुला?"

वेड नाही, साधा हिशेब आहे. सगळं जग थंड हवेकडे धावतं तेव्हा थंड हवेचा भाव चढतो. मोठ्या शहरांचं गणित बरोबर उलटं. कोलकात्याचा सीझन दुर्गापूजेला सुरू होतो आणि ख्रिसमस, पुस्तक मेळा करत फेब्रुवारीपर्यंत चालतो. मे महिन्यात तिथे हौशी पर्यटक फारसे नसतात, त्यामुळे खोल्यांच्या भावात घासाघीस करता येते आणि बंगाल्यांचं शहर बंगाल्यांसोबत बघायला मिळतं. पारा पस्तीस ते सदतीसच्या आसपास असतो. खरा त्रास दमट हवेचा. मुंबईकरांना तो घाम ओळखीचा आहे. पुणेकरांनो, तुमची जरा परीक्षा आहे!

म्हणून माझा फंडा एवढाच: काय बघायचं याची यादी करू नका, घड्याळ लावा. आणि पैसे एसीवर खर्च करा, बाकी सगळ्यावर वाचवा.

गादीचे उपकार

सुरुवात ट्रेनपासून. मुंबईहून गीतांजली एक्स्प्रेस, हावडा मेल, दुरांतो. पुण्याहून आझाद हिंद एक्स्प्रेस. मुंबई ते हावडा जवळपास दोन हजार किलोमीटर, साधारण तीस तास. विमान अडीच-तीन तासांत पोचवतं हे मान्य, पण सुट्टीच्या दिवसांत त्याचं तिकीट आपल्या अख्ख्या बजेटचा घास घेतं.

गीतांजलीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९७७ मध्ये ही गाडी सुरू झाली, तेव्हा तिला फर्स्ट क्लासच नव्हता. सगळे प्रवासी एकाच वर्गातले! ही कल्पना रेल्वेमंत्री मधु दंडवते यांची. सेकंड क्लासच्या लाकडी बाकांवर गाद्या आल्या त्याही त्यांच्याच काळात. आज आपण स्लीपरच्या बर्थवर पाठ टेकतो, तेव्हा खाली जो फोम असतो ना, त्यामागे एक मराठी माणूस आहे. स्वस्तात प्रवास म्हणजे हाल काढत प्रवास नव्हे, हे या माणसाला आपल्या आधी कळलं होतं.

तरीही मे महिन्यात मी स्लीपर सुचवणार नाही. गीतांजली पहाटेच सुटते, म्हणजे जळगाव, भुसावळ, अकोला हा पट्टा भर दुपारी. खिडकीतून येते ती हवा नसते, भट्टीची वाफ असते. स्लीपरचं तिकीट आठशेच्या आसपास, थ्री टिअर एसीचं दोन हजारांच्या आसपास. दोन्ही बाजूंचे मिळून चोवीसशे रुपये जास्त जातात, जाऊ द्या. नाहीतर पहिले दोन दिवस खोलीत ओआरएस पीत काढाल.

रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती आणि अजूनही बरेच जण त्याच हिशेबात असतात. म्हणजे १ मेच्या सुट्टीला लागून निघायचं असेल, तर मार्चच्या सुरुवातीलाच सकाळी आठला लॉगिन करून बसा. तत्काळच्या भरवशावर राहू नका. ऑनलाइन तत्काळला २०२५ च्या जुलैपासून आधारची पडताळणी लागते, ती तरी आधीच करून ठेवा.

तारखांचा खेळ

मे महिन्याचा पहिला आठवडा मी मुद्दाम निवडला. महाराष्ट्र दिनाची सुट्टी पदरात पडते आणि रजा कमी लागते, हे एक कारण. दुसरं कारण म्हणजे २ मे हा सत्यजित राय यांचा जन्मदिवस आणि ८ किंवा ९ मेला येतो बंगाली पंचांगातला पंचवीस वैशाख, म्हणजे रवींद्र जयंती. त्या दिवशी सकाळी जोडासांकोच्या ठाकूरबाडीत गाणी, कवितावाचन, पांढऱ्या-लाल साड्या आणि धोतर-पंजाबी घातलेली गर्दी. पंजाबी म्हणजे त्यांचा झब्बा, बरं का. या सगळ्याला तिकीट शून्य रुपये! मेट्रोचं गिरीश पार्क स्टेशन तिथून जवळ.

ठाकूरबाडीत फिरताना एक आठवण मनात असू द्या. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आयसीएस. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यात होती. विलायतेला जाण्यापूर्वी, १८७८ मध्ये, तरुण रवींद्र मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले होते आणि डॉक्टरांची मुलगी अन्नपूर्णा तर्खड त्यांना इंग्रजी शिकवायची. हॉलमधली तसबीर मग एकदम अनोळखी वाटत नाही. बॅगेत पुलंचं 'वंगचित्रे' असेल तर तीस तासांचा प्रवासही सोपा होतो.

राहायचं कुठे?

सडर स्ट्रीट हा बॅकपॅकर्सचा जुना अड्डा. इंडियन म्युझियमच्या बाजूला, पार्क स्ट्रीट मेट्रोपासून चालत. पण खोली बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. काही ठिकाणी खिडकी म्हणून जे दाखवतात ते शेजारच्या भिंतीचं दर्शन असतं. दक्षिणेकडे हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे, कोलकात्यातल्या मराठी मंडळींची जुनी संस्था. तिथे जागा आहे का, ते निघण्याआधी फोन करून विचारा. जतीन दास पार्क मेट्रो स्टेशन जवळ असल्याने फिरणं सोपं पडतं.

दोघांत दीड ते अडीच हजारांची एसी खोली धरा. इथेही तेच, एसी सोडायचा नाही. कारण दुपारी अकरा ते चार या वेळात तुम्हाला परत खोलीत यावंसं वाटणार आहे. त्यात लाजण्यासारखं काहीच नाही, अख्खं शहर दुपारी पेंगतं.

पहाट शहराची, दुपार आपली

कोलकात्यात मे महिन्यात साडेपाचच्या आधीच लख्ख उजाडलेलं असतं. म्हणजे पाच ते साडेनऊ हे तुमचे सोन्याचे तास. एका सकाळी हावडा ब्रिजखालचा मल्लिक घाटाचा फूलबाजार. झेंडूच्या दोरखंडासारख्या माळा खांद्यावर टाकून धावणारे हमाल, मागे नदीत आंघोळ करणारे लोक. रस्त्यात उभे राहून फोटो काढू नका, लोक कामावर आहेत. दुसऱ्या सकाळी, शक्यतो रविवारी, टेरिटी बाजार. इथे कोलकात्यातले चिनी लोक रस्त्यावर मोमो, वाफवलेले बन आणि फिशबॉल सूप विकतात. साडेआठपर्यंत सगळं संपतं, नऊला गेलात तर फक्त रिकामी पातेली बघाल. तिसऱ्या सकाळी व्हिक्टोरिया मेमोरियलची बाग. आतली गॅलरी तुम्हाला हवी तर बघा. मला बाहेरच्या तळ्याकाठी चालणारे आजोबा-आजी जास्त आवडले.

दुपारसाठी छप्पर हवं. इंडियन म्युझियम १८१४ सालचं, देशातलं सगळ्यात जुनं. भारहूतच्या स्तूपाचं कठडं आणि इजिप्तची ममी, दोन्ही एकाच तिकिटात. सोमवारी बंद असतं. पण माझं लाडकं ठिकाण नंदन! सरकारी चित्रपटगृह, १९८५ मध्ये सत्यजित राय यांच्याच हस्ते उघडलेलं आणि बोधचिन्हही त्यांनीच काढलेलं. मल्टिप्लेक्सच्या तुलनेत तिकीट किरकोळ, आत गारवा आणि बंगाली सिनेमाला अनेकदा इंग्रजी सबटायटल्स. घामाने चिंब झालेल्या माणसाला यापेक्षा स्वस्त सुख नाही.

मेट्रो हेसुद्धा दुपारचं साधन. देशातली पहिली मेट्रो इथे ऑक्टोबर १९८४ मध्ये धावली. मार्च २०२४ पासून ती हुगळी नदीच्या पोटातून जाते आणि ऑगस्ट २०२५ मध्ये हावड्यापासून सॉल्ट लेकपर्यंत सलग झाली. हावडा स्टेशनवर उतरलात की टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यातून मान खाली घालून सरळ मेट्रोत शिरा. एस्प्लनेडला जायला दहा रुपये! नदीखालचा पट्टा जेमतेम पाऊण मिनिटाचा, त्यामुळे मोबाइलमध्ये डोकं घालून बसलात तर कळणारही नाही.

ट्रामचं मात्र वाईट वाटतं. १८७३ मध्ये घोड्यांनी ओढलेली, १९०२ मध्ये विजेवर आलेली ही सवारी. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने एस्प्लनेड ते मैदान एवढा वारशाचा फेरा वगळून बाकी बंद करायचं जाहीर केलं. ट्रामप्रेमी कोर्टात गेलेत. कोणता मार्ग चालू आहे ते तिथे पोचल्यावर विचारा आणि एक फेरी मारून घ्या. घाईत असाल तर चढूच नका.

खायचं काय?

आता मुद्द्याचं. डलहौसी भागात, म्हणजे आजच्या बिबादी बागेच्या आसपास, सगळी कचेऱ्यांची वस्ती. तिथली डेकर्स लेन ही गल्ली ऑफिसवाल्यांच्या पोटावर चालते. बाकावर बसून टोस्टबरोबर पातळसर चिकन स्ट्यू खाल्ला, की आपल्या कॅन्टीनची चव आठवून रडू येईल. रविवारी ऑफिसं बंद, म्हणून गल्लीही थंड.

जेवायला पाइस हॉटेल. एकेकाळी पैशांत पोटभर मिळायचं म्हणून हे नाव. अजूनही भात, डाळ, मासा, लिंबू सगळ्याचा हिशेब वेगवेगळा. काही ठिकाणी केळीच्या पानाचासुद्धा! कॉलेज स्ट्रीटजवळच्या भवानी दत्त लेनमधलं स्वाधीन भारत हिंदू हॉटेल प्रसिद्ध आहे. सुभाषबाबू कॉलेजात असताना तिथे जेवायचे, असं सांगतात. शाकाहारी मंडळींनी घाबरू नये. शुक्तो आहे, आलू पोस्तो आहे आणि उन्हाळ्यात कच्च्या फणसाची भाजी आहे. कोकणातल्या माणसाने ती खाऊन मग आपल्या आईच्या भाजीशी तुलना करावी, पण मोठ्याने करू नये.

जेवण झालं की कॉलेज स्क्वेअरला पॅरामाउंटमध्ये शहाळ्याचं सरबत. दुकान १९१८ चं. त्याची कृती आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी दिली, असं मालक मंडळी सांगतात. मग कॉफी हाउस. कॉफी बेताची, गप्पा मात्र कडक. एक कप घेऊन दोन तास बसलात तरी कुणी बिल आणून आपटत नाही. रस्त्यावर 'आम पोडा' सरबत दिसलं तर सोडू नका, भाजलेल्या कैरीचं पन्हंच ते. मात्र मे महिन्यात नोलेन गूडची मिठाई मागू नका, तो हिवाळ्याचा मामला. तेव्हा आंब्याचा संदेश खा आणि आपल्या हापूसचा विषय काढू नका.

घासाघीस कुठे थांबवायची?

संध्याकाळी चारनंतर शहर पुन्हा जागं होतं. हावड्याहून बाबूघाट किंवा बागबाजारची फेरी बोट घ्या. बसच्या तिकिटाएवढ्या पैशांत सूर्यास्त मिळतो. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी अचानक आभाळ काळं होऊन 'कालबैशाखी' येते, तेव्हा बोटी थांबवतात. निमूट घाटावर थांबा, दहा मिनिटांत हवा गार होते.

बागबाजारला उतरलात तर मराठा डिच लेन शोधा. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं सैन्य येईल या धास्तीने कोलकात्याच्या लोकांनी खंदक खणायला घेतला. सैन्य कोलकात्यावर आलंच नाही, खंदकही अर्धवट राहिला आणि पुढे तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. पण बंगालच्या खेड्यांत 'बर्गी' म्हणजे आपल्या बारगिरांनी जी लूट केली, ती तिथल्या आयांच्या अंगाईत अजून आहे. आपण कुठून आलो असं कुणी विचारलं तर अभिमानाने सांगा, फक्त इतिहासाचा तास घेऊ नका.

याच भागात हातरिक्षा दिसतील. घामाने निथळणारा, बहुतेकदा तुमच्या वडिलांच्या वयाचा माणूस "चलिए दीदी" म्हणेल. बसायचं की नाही? माझी मैत्रीण बसली नाही आणि रिक्षावाला तिच्यावर चिडला. "तुम्ही बसला नाहीत तर मी खाऊ काय?" ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आपल्या माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या, त्या ओढणाऱ्यांच्या पोटाची सोय करायलाही सांगितलं. कोलकात्यात हा प्रश्न लोंबकळतच आहे. मी थोड्या अंतरासाठी बसले, मागितले तेवढे पैसे दिले. मैत्रिणीला ते पटलं नाही, त्यावर आमचं रात्री उशिरापर्यंत वाजलं. पण एका गोष्टीवर एकमत झालं: आपलं बजेट ज्याच्या पाठीवर उभं आहे त्याच्याशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालायची नाही. हॉटेलवाल्याशी हवी तेवढी घाला.

आणि हिशेब

पाच रात्रींचा माणशी आकडा असा बसला. थ्री टिअर एसी जाऊन-येऊन चार हजार. दोन हजारांची खोली दोघींत, म्हणून पाच हजार. खाणं दिवसाला पाचशे धरून तीन हजार, गाडीतल्या जेवणाचे सहाशे. मेट्रो, बोट, बस आणि दोन-तीन टॅक्स्या मिळून हजार. तिकिटं, सिनेमा पाचशे. झाले चौदा हजार शंभर. उरलेले नऊशे कॉलेज स्ट्रीटच्या जुन्या पुस्तकांत आणि मिठाईत गेले.

मिठाईवरून आठवलं. परतीच्या गाडीसाठी संदेश घ्यायचा तर दुकानदाराला 'कडा पाक' सांगा, तो घट्ट असतो आणि तग धरतो. 'नरम पाक' तिथेच उभ्याने खाऊन टाका. आणि रसगुल्ला हवाच असेल तर डबाबंद घ्या. मडक्यातला घेतलात, तर अकोल्यापर्यंत सगळ्या बोगीला त्याची खबर लागलेली असेल.