कणगीला राखणदार आणताना

सुगी आटोपली, ज्वारी पोत्यांत भरली, कणगी लिंपून झाली, की आठ दिवसांत रात्रीची खुडबुड सुरू होते. सकाळी पाहावे तो पोत्याच्या कोपऱ्याला भोक आणि खाली दाण्यांचा सडा. मग घरातली म्हातारी म्हणते, "अरे, एखादे मांजर आणा कुठून तरी!" वाचकहो, जरूर आणा, पण त्याआधी थोडे ऐकून घ्या.

पिलू फार लहान आणू नका. ७ ते १० दिवसांत पिलांचे डोळे उघडतात, आणि डोळे उघडले की ते आईपासून तोडायला हरकत नाही, असे पुष्कळजण समजतात. निदान ८ आठवडे त्याला आईजवळ राहू द्या. अर्धमेला उंदीर आणून पिलांपुढे टाकणारी मांजरी तुम्ही पाहिली असेल. ती त्यांची शाळाच. म्हणून उंदीर धरणाऱ्या मांजरीचे पिलू मागून घ्यावे. गावात मिळाले नाही, तर शहरांतून बेवारस जनावरे सांभाळणाऱ्या संस्था असतात, तिथे चौकशी करा. जंताचे औषध आणि लस दिली आहे का, तेही विचारून घ्या.

आणताना टोपलीत त्याच्या आईच्या अंगाखालचे फडके घाला. पहिले चार-पाच दिवस एका खोलीत ठेवा, कोपऱ्यात घमेलेभर वाळू असू द्या. लगेच मोकळे सोडले तर पिलू वाट फुटेल तिकडे जाते, आणि आळीतली कुत्री टपलेलीच असतात.

"उपाशी ठेवले तरच उंदीर धरील" असे सांगणारे भेटतील. ऐकू नका. पोट भरलेले मांजरही शिकार करते. उपाशी मांजर शेजारणीच्या दुधात तोंड घालते आणि भांडण आपल्या दारात येते. मात्र नुसत्या दूध-भाकरीवर त्याचे भागत नाही, दुधाने पुष्कळ पिलांना हगवण लागते. उकडलेले अंडे, काटे काढलेली शिजवलेली मासळी द्या. माळकरी घरात हे जमणार नसेल, तर सरळ पिंजरा लावावा, मांजराचे हाल करू नयेत.

आता माझी चूक सांगतो. आमच्याकडे एक कबरी मांजरी होती. बैलांना गोचिडाचे औषध लावून झाल्यावर उरलेला बोळा मीच तिच्या पाठीवरून फिरवला, पिसवा जातील म्हणून. सांजेला तिला झटके येऊ लागले, पहाटेपर्यंत ती गेली. मागे तीन पिले राहिली. पुढे पशुवैद्यांकडून कळले, की सायपरमेथ्रीनसारखी औषधे बैलाला चालतात, मांजराच्या शरीराला ती पचत नाहीत. माणसाची तापाची पॅरासिटामॉल गोळीही मांजराला विषच. आणि घरात मांजर असेल तर झिंक फॉस्फाइडची आमिषे ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर मांजरालाही मारतो.

पिलू ३ महिन्यांचे झाले की रेबीजची लस टोचून घ्या. मांजरही पिसाळते. मुलांना चावले, ओरबाडले, तर जखमेवर हळद-चुना थापू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

राहिली गोष्ट वेतांची. मांजरी ५-६ महिन्यांची होते न होते तोच गाभण राहू शकते आणि नऊ आठवड्यांत विते. वर्षात दोन-तीन वेते झाली, की कुणीतरी पिले पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून येतो. १९६० च्या कायद्याने जनावर असे उपासमारीला टाकून देणे हा गुन्हा आहे. पण कायद्यापेक्षा ते पोते उचलणाऱ्या पोराला विचारा, त्या रात्री त्याला झोप लागते का. म्हणून पिलू आणतानाच तालुक्याच्या पशुवैद्यांना नसबंदीचे विचारून ठेवा. ऑपरेशन केलेली मांजरी उंदीर धरायचे सोडत नाही, हे मात्र घरच्या म्हातारीला आधीच सांगा.